किल्केनी : नोर नदीकाठच्या जुन्या गावात

डब्लिनला नातेवाइकांकडे आलेली आपली मंडळी सवड मिळाली की पश्चिमेला मोहेरच्या कड्यांकडे धावतात. कडे देखणे आहेतच, पण मला आणि ताईला जुन्या गल्ल्यांमधून पायी हिंडायची हौस. ताई डब्लिनमध्ये बरीच वर्षं आहे, तरी किल्केनी तिचंही राहून गेलं होतं. जूनच्या मध्यावर तिने शुक्रवार-सोमवारची रजा टाकली आणि आम्ही निघालो.

किल्केनी म्हणजे जेमतेम २७ हजार वस्तीचं शहर. आपल्याकडे याला तालुक्याचं गाव म्हणतील. पण किल्ल्यापासून कॅथीड्रलपर्यंतच्या जेमतेम मैलभराच्या रस्त्यावर आठशे वर्षं दाटीवाटीने बसलेली आहेत. गावातले लोक त्याला ‘मिडीव्हल माइल’ म्हणतात. हा मैल तासाभरात चालून संपतो आणि नीट पाहायचा म्हटला तर दोन दिवस पुरत नाहीत.

शुक्रवार : ओली फरशी आणि तीन भिंतींचा किल्ला

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वॉटरफर्डकडे जाणारी गाडी दीड तासात किल्केनीला पोचवते. स्टेशनचं नाव मॅकडोना. टॉमस मॅकडोना हा कवी आणि शिक्षक. इथल्या सेंट कीरन्स कॉलेजात त्याने शिकवलं, १९१६च्या ईस्टर उठावाच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि इंग्रजांनी त्याला गोळ्या घालून मारलं. उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ साली, रेल्वेने देशातल्या मोठ्या स्टेशनांना अशा हुतात्म्यांची नावं दिली. पाटी वाचून पुढे निघालेल्या ताईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “इतकी वर्षं ह्यूस्टनवरून ये-जा करते, तोही त्यातलाच का गं?” तोही त्यातलाच. शॉन ह्यूस्टन, पंचविशीचा रेल्वेतला कारकून, त्याच उठावात गेला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याचा एक फायदा असा झाला की रस्ते नीट दिसले. किल्केनीला ‘संगमरवरी शहर’ म्हणतात ते इथल्या काळ्या दगडामुळे. तो खरा संगमरवर नाही, चुनखडीचा दगड आहे, पण घासला की आरशासारखा चमकतो. पदपथ त्याच्याच फरशांचे. कोरडा असताना राखाडी दिसणारा दगड भिजला की शाईसारखा काळा होतो आणि त्यात पांढऱ्या नक्ष्या उमटतात. मी खाली वाकून पाहिलं. कुठे शंखाची आडवी कापलेली वेटोळी, कुठे प्रवाळाची जाळी, कुठे शिंपल्याची नुसती कड. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उबदार उथळ समुद्र होता, त्यातले हे जीव. एक बाई बाबागाडी ढकलत आली आणि आम्हाला वळसा घालताना हसून म्हणाली, “तिकडे बँकेच्या दारापाशी याहून मोठा आहे!” आम्ही तोही पाहून आलो.

जॉन्स ब्रिजवर आलं की नोर नदीच्या वर किल्ला एकदम समोर येतो. स्ट्राँगबो या नॉर्मन सरदाराने बाराव्या शतकात नदीच्या या वळणावर आधी लाकूड-मातीची गढी उभारली. त्याचा जावई विल्यम मार्शल याने १२१३च्या सुमारास दगडी किल्ला पुरा केला. चार कोपऱ्यांना चार बुरूज होते, आज तीनच आहेत आणि एक बाजू पूर्ण उघडी आहे. १६५० साली क्रॉमवेल या इंग्रज सेनापतीच्या तोफांनी ती बाजू खिळखिळी केली, पुढे ती पाडूनच टाकली. मला हा उघडेपणा आवडला. चौथ्या भिंतीच्या जागी आता हिरवळ आहे आणि तिथून उद्यान दूरवर पसरत जातं.

१३९१ पासून पुढे जवळपास साडेपाच शतकं किल्ला बटलर घराण्याकडे होता. आयर्लंडच्या बंदरांत उतरणाऱ्या दारूच्या पिंपांतला ठरावीक वाटा घेण्याचा वंशपरंपरागत हक्क या घराण्याकडे होता. आपल्या भाषेत वतनच. त्या वतनावर हे ऑर्मंडचे सरदार झाले. १९३५ साली खर्च झेपेना म्हणून ते किल्ला सोडून गेले, सामानाचा लिलाव झाला, खोल्या ओस पडल्या. १९६७ साली घराण्याने किल्ला गावाला विकला तो अवघ्या ५० पौंडांना. आत फिरताना हे सतत आठवत राहतं, कारण बरीचशी दालनं नंतर सामान शोधून, जुळवून पुन्हा उभी केली आहेत. सर्वांत सुंदर आहे ते चित्रदालन. त्याच्या उंच लाकडी छताच्या तुळयांना पशुपक्ष्यांची सोनेरी तोंडं आहेत आणि आढ्यापर्यंत वेलबुट्टी रंगवली आहे. मान मोडून येईस्तोवर आम्ही वर बघत होतो, तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने बाकाकडे बोट दाखवून सांगितलं, “बसून बघा. छतासाठी खास ठेवलाय तो.”

*किल्ल्याला तिकीट आहे, पण पन्नासेक एकरांचं उद्यान फुकट आणि सगळ्यांना खुलं. तुम्ही आयर्लंडमधल्या आणखी चार-पाच सरकारी वास्तू पाहणार असाल तर ‘हेरिटेज कार्ड’ काढा, पैसे वसूल होतात. आणि भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही.*

पाऊस थांबल्यावर उद्यानात पोरं हर्लिंग खेळायला आली. हॉकीसारखी पण पुढे रुंद, चपटी काठी, आणि चेंडू जमिनीवर कमी, हवेतच जास्त. बाकावरच्या एका आजोबांनी आपण होऊन माहिती द्यायला सुरुवात केली. काठी ॲशच्या लाकडाची, तीही बुंध्याच्या मुळाकडच्या वळणातून काढलेली, म्हणजे पातं आणि दांडा एकाच रेषांचा राहतो. पण ॲशच्या झाडांना सगळीकडे बुरशीचा रोग लागलाय. आता बांबूच्या काठ्याही येतात, असं त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं. देशाचं अजिंक्यपद सर्वांत जास्त वेळा जिंकणारा जिल्हा हाच. काळ्या-पिवळ्या पताका दुकानादुकानांवर लटकत होत्या.

रात्री नदीजवळच्या पबमध्ये जेवलो. मी माशांचं दाट, दुधाळ चाउडर घेतलं, ताईने भाज्यांचं सूप. दोन्हींबरोबर जाड तपकिरी सोडा ब्रेड आणि मिठाचं लोणी. या ब्रेडला यीस्ट लागत नाही, ताक आणि सोड्यावर फुगतो. कडेची खरपूस पापडी मला भाकरीच्या पापुद्र्याइतकीच प्रिय झाली. शाकाहारी माणसाचं आयर्लंडमध्ये सूप-ब्रेडवर अगदी छान निभतं, फक्त सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारून घ्या. दहा वाजता बाहेर पडलो तरी आकाशात उजेड होता.

शनिवार : पेट्रोनिलाचं गाव

सकाळी गावातल्या पायी फेरीत सामील झालो. आम्ही दहा-बारा जण आणि पुढे रेनकोट घातलेल्या, साठीच्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या बाई. तशा त्या मृदू, पण गर्दीतून आवाज असा पोचवायच्या की मागच्या बाकावरचाही जागा राहावा.

सुरुवात त्यांनी १३६६च्या कायद्यांपासून केली. इथे भरलेल्या संसदेने ‘किल्केनीचे कायदे’ केले. आयर्लंडमध्ये येऊन राहिलेल्या इंग्रजांनी आयरिश बायका करायच्या नाहीत, आयरिश बोलायचं नाही, आयरिश न्यायपद्धत पाळायची नाही, आणि हर्लिंग खेळायचं नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, “कायदा करावा लागला याचा अर्थ सगळे हे सर्रास करत होते.” आदल्या संध्याकाळची पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली.

हाय स्ट्रीटवर थोलसेल आहे. ही गावाची जुनी कचेरी, १७६१ साली बांधलेली. तळमजल्याच्या कमानी पदपथावर आल्यामुळे पावसात सगळं गाव तिच्याखालून चालतं. आम्हीही कमानीखाली उभे राहिलो आणि बाईंनी १३२४ सालची गोष्ट सांगितली.

ॲलिस किटलर ही इथली श्रीमंत सावकारीण. एकापाठोपाठ चार लग्नं झाली. चौथा नवराही आजारी पडला तेव्हा सावत्र मुलांनी तक्रार केली, की ही चेटूक करते, नवऱ्यांना विष घालते. मालमत्ता तिच्या आणि तिच्या सख्ख्या मुलाच्या हाती जात होती, हे त्यामागचं दुखणं. बिशप होता रिचर्ड डी लेड्रेड, कडवा माणूस. त्याने प्रकरण उचलून धरलं. ॲलिसचे हात वरपर्यंत पोचलेले होते. तिच्या बाजूच्या अधिकाऱ्याने बिशपलाच सतरा दिवस कैदेत टाकलं. पण शेवटी पारडं फिरलं. ॲलिस पळून गेली आणि पुन्हा कुणाला दिसली नाही. तिचा मुलगा विल्यम याला शिक्षा काय, तर रोज प्रार्थनेला हजर राहायचं, गरिबांना जेवू घालायचं आणि कॅथीड्रलच्या छतावर शिशाचे पत्रे चढवून द्यायचे. मग उरली कोण? ॲलिसची मोलकरीण, मीथकडून आलेली पेट्रोनिला. तिला गावागावांतून फटके मारत फिरवलं, कबुली घेतली आणि ३ नोव्हेंबर १३२४ रोजी या भर बाजारात जिवंत जाळलं.

इथे बाई थांबल्या. “पलीकडच्या गल्लीत ॲलिसच्या नावाचा पब आहे, तिथे तुम्हाला चेटकिणीची गोष्ट ऐकायला मिळेल. मी पेट्रोनिलाची सांगते. तिच्याकडे पळून जायला पैसे नव्हते.” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती माझ्या मनात राहिली. खटल्याची जी हकिकत आज उपलब्ध आहे ती बिशपच्याच बाजूने लिहिलेली आहे. म्हणजे पेट्रोनिलाचे म्हणून जे शब्द आपल्यापर्यंत येतात, ते तिला जाळणाऱ्यांनी टिपलेले. तरी त्या कागदात तिचं नाव राहिलं, आणि सातशे वर्षांनी एक निवृत्त शिक्षिका दर शनिवारी ते मोठ्याने उच्चारते. सरदारांची नावं किल्ल्यावर असतातच. मोलकरणीचं नाव भर चौकात घेणारं गाव मी पहिल्यांदा पाहिलं.

तिथून बटर स्लिप. हाय स्ट्रीट आणि खालची कीरन स्ट्रीट यांना जोडणारी अंधारी, कमानीची बोळकंडी, १६१६ची. गारवा असल्यामुळे लोणीवाल्या इथे पाट्या मांडून बसत. पायऱ्या पावसात गुळगुळीत होतात, चपला जपून निवडा. फेरी संपताना बाई आम्हा दोघींना म्हणाल्या, “तुम्ही सोमवारपर्यंत आहात ना? मग फ्रान्सिस्कनांच्या पडक्या मठात जा. तिथला क्लिन भेटल्याशिवाय गाव सोडू नका.” क्लिन कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी कॅफेत स्कोन, जॅम आणि चहा. आयरिश चहा कडक असतो आणि दूध आधी न विचारता समोर येतं, त्यामुळे आपल्या माणसाची सोय उत्तम.

मग रोथ हाउस. जॉन रोथ नावाच्या व्यापाऱ्याने १५९४ ते १६१० या काळात बांधलेलं घर. रस्त्यावरून फक्त एक दगडी दर्शनी भिंत दिसते, कमानीतून आत गेलात की चौक, चौकापलीकडे दुसरं घर, मग पुन्हा चौक आणि तिसरं घर. मला थेट पुण्यातला तीन चौकी वाडाच आठवला. दर्शनी भाग दुकानाचा, मागे घरच्यांचा वावर, आतल्या चौकात विहीर, आणि कुटुंब वाढलं की मागे आणखी एक घर. सगळ्यात मागे लांबट, अरुंद बाग आहे. ती सतराव्या शतकात असावी तशी पुन्हा लावली आहे. औषधी वनस्पती, भाज्या आणि त्यापुढे जुन्या जातींची सफरचंदं. ताईला तिथून हलवणं कठीण झालं. तिने ओव्याच्या फुलासारखं दिसणारं काहीतरी तिथल्या माळीणबाईंना विचारलं आणि मग दोघींची अर्धा तास लागवडीवर चर्चा झाली.

रोथ कॅथलिक होते. १६४२ ते १६४९ या काळात किल्केनी ही बंड करून उठलेल्या कॅथलिक आयर्लंडची जणू राजधानी होती. सभा इथे भरायची, पोपचा दूत इथे येऊन राहिला. त्यानंतर क्रॉमवेल आला. असल्या घराण्यांच्या जमिनी-घरं जप्त झाली आणि गावाचे मालक बदलले. आज हे घर गावातल्या पुरातत्त्व मंडळाकडे आहे, सामान्य सभासदांच्या वर्गणी-मेहनतीवर जगवलेलं.

दिवसाचा शेवट सेंट कॅनिस कॅथीड्रलवर. शेजारचा नवव्या शतकातला गोल मनोरा पावसामुळे बंद होता, तो सोमवारवर ढकलला. आत मात्र वेळ कसा गेला कळलं नाही. काळ्या दगडात कोरलेले बटलर नवरा-बायको समाधीवर शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. तिच्या झग्याच्या चुण्या बोटाने चाचपाव्यात इतक्या खऱ्या. जवळच जोस किटलरची, म्हणजे ॲलिसच्या घरातल्या माणसाची, जुनी समाधीशिळा आहे. आणि पुढे बिशप लेड्रेडची समाधी. पुतळ्याच्या चेहऱ्यावर कमालीची शांतता. विल्यमने शिक्षा म्हणून चढवलेल्या शिशाचा भार न सोसून १३३२ साली इथलं छत आणि त्यावरचा मनोरा कोसळला, असं सांगतात. लेड्रेडने मोठ्या हौसेने बसवलेल्या रंगीत काचा १६५०मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी फोडल्या. ताई समाधीकडे बघत म्हणाली, “पेट्रोनिलाची समाधी नाही ना गं कुठे?” नाही.

रविवार : वर्कहाउस आणि मेंढरांचा मठ

सकाळी पुन्हा स्टेशनच्या दिशेने. स्टेशनला लागून मोठं शॉपिंग सेंटर आहे. लोक तिथे खरेदीला जातात, आम्ही गेलो ते त्यात सामावलेल्या दगडी इमारतीसाठी. हे किल्केनीचं वर्कहाउस. १८४२ साली १३०० माणसांसाठी उघडलं. अन्न आणि छप्पर हवं तर कुटुंबाने आत यायचं, नवरा-बायको-मुलं यांची ताटातूट करून राहायचं आणि राबायचं. १८४५ला बटाट्यावर करपा पडला. त्याच एका पिकावर जगणाऱ्या गरिबांकडे दुसरं काही नव्हतं. पुढच्या वर्षांत या इमारतीत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबली गेली.

२००६ साली शॉपिंग सेंटरसाठी जमीन खणताना आवारातच सामुदायिक दफनाचे ६३ खड्डे सापडले. निदान ९७० माणसं, त्यातली निम्म्याहून अधिक मुलं. १८४७ ते १८५१ या काळात गावच्या दफनभूमी भरल्यामुळे त्यांना इथेच पुरलं होतं, आणि नंतर ही जागा सगळे विसरले होते. हाडांचा अभ्यास झाला तेव्हा अनेकांना स्कर्व्ही झाल्याच्या खुणा दिसल्या. बटाट्यातून क जीवनसत्त्व मिळायचं, बदली म्हणून दिलेल्या मक्याच्या पिठातून ते मिळेना. खड्डे सामुदायिक असले तरी मृतांना साध्या लाकडी पेट्यांत ठेवलं होतं. त्या धुमाळीतही कुणीतरी पेट्या ठोकत होतं. २०१०मध्ये या सगळ्यांना शेजारच्या छोट्या बागेत पुन्हा पुरलं. तिथे आता दुष्काळाचं स्मारक आहे.

आमचं घर मूळचं मंगळवेढ्याचं. दुर्गादेवीच्या दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची गोष्ट आम्ही आजीच्या मांडीवर ऐकली, आणि ७२च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी-मिलोवर दिवस काढल्याची हकिकत तिच्याच तोंडून. त्यामुळे त्या बागेत आम्हाला परकं वाटलं नाही. दुष्काळाच्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं इंग्लंडला जातच होती. कोठारं भरलेली असून भूक, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. हेही नोंदवते की १८४६मध्ये कलकत्त्यात या दुष्काळासाठी निधी जमवायला सुरुवात झाली होती, आणि बाहेरदेशातून आलेल्या अगदी पहिल्या मदतींमध्ये तो होता.

ताईने बागेत बसून पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

*शॉपिंग सेंटरच्या मदतकक्षात चौकशी केलीत तर वर्कहाउसच्या फेरीची माहिती मिळते. लहान मुलं बरोबर असतील तर आधी त्यांना थोडी कल्पना द्या.*

दुपारी टॅक्सीने केल्स प्रायरीला. गावापासून १५ किलोमीटर दक्षिणेला, किंग्ज नदीच्या काठी. परतीची वेळ टॅक्सीवाल्याशी आधीच ठरवा, तिथे उभं राहून गाडी मिळणं अवघड. ११९३ साली स्थापन झालेला हा मठ लांबून कोट वाटतो. उंच तटबंदी, मध्ये मध्ये बुरूज, आत विस्तीर्ण रिकामं कुरण. तिकीट नाही, खिडकी नाही, दुकान नाही. फाटक उघडायचं, आत जायचं, आणि मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून फाटक लावायचं. मठात त्या दुपारी आम्ही दोघी, एक तरुण जोडपं आणि शेपन्नास मेंढरं. पडक्या प्रार्थनागृहाच्या सावलीत कोकरं आईला लुचत होती. १५४०मध्ये राजाने मठ बरखास्त केले तेव्हापासून भिंती आहेत तशा उभ्या.

तिथे मात्र वारा असा सुटला की ताईची छत्री उलटी झाली. नदीच्या वाटेने चालत जुन्या गिरणीपर्यंत गेलो, पाण्याच्या आवाजात उभ्या उभ्या सँडविच खाल्लं आणि टॅक्सी आली तेव्हा दोघी नखशिखांत ओल्या होतो. टॅक्सीवाल्याने न बोलता हीटर लावला आणि सांगितलं, आपण लहानपणी याच बुरुजांत लपाछपी खेळायचो.

सोमवार : मनोरा आणि क्लिन

स्वच्छ ऊन. कॅथीड्रलचा गोल मनोरा उघडा होता. साधारण ३० मीटर उंच, आत एकावर एक लाकडी मजले आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या शिड्या. वरच्या टप्प्यात दोन्ही खांदे भिंतीला लागतात. अख्ख्या आयर्लंडमध्ये वर चढू देणारे असले मनोरे मोजकेच आहेत. पाठपिशवी खालीच ठेवा, आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर खालून बघण्यात समाधान माना. वर पोचलं की गाव नकाशासारखं उलगडतं. नदीचं वळण, तीन बुरुजांचा किल्ला, हर्लिंगचं मैदान, आणि हाय स्ट्रीटपासून मागे गेलेले लांबट, अरुंद जमिनीचे पट्टे. रोथच्या बागेचा पट्टाही त्यातलाच. गावाची मध्ययुगीन आखणी वरून इतकी स्पष्ट दिसते की फेरीच्या आधी इथे यायला हवं, असं ताईचं मत पडलं.

खाली उतरून ब्लॅक ॲबी. १२२५चा, डॉमिनिकन या ख्रिस्ती भिक्षुपंथाचा मठ, आजही चालू असलेला. जुन्या तटबंदीचा एकच उरलेला दरवाजा ओलांडून तिथे जावं लागतं. १८९२ची रोझरी खिडकी पाच उंच पट्ट्यांत भिंत व्यापून आहे, आणि सकाळच्या उन्हात तिचा निळा-तांबडा उजेड बाकांवर सांडला होता. अंगणात दगडी शवपेट्या मांडलेल्या आहेत.

त्यानंतर फ्रान्सिस्कन मठ. तिथे १७१० पासून स्मिथविक्सची बिअर बनत असे. मठाचे अवशेष भट्टीच्या आवारात अडकलेले होते. २०१३मध्ये उत्पादन थांबलं, आता तो परिसर नव्याने मोकळा होतो आहे. पडकी खिडकी, उंच सडपातळ घंटामनोरा आणि भोवती नवी फरशी. एका मोठ्या फलकासमोर बसलेल्या कॉलेजातल्या मुलीला मी विचारलं, क्लिन म्हणजे कोण. तिने फोन खिशात टाकला आणि सगळं सांगितलं.

जॉन क्लिन या मठातला भिक्षू, बखरकार. १३४८मध्ये काळी महामारी आयर्लंडला पोचली. किल्केनीत असं घर विरळा जिथे एकच माणूस गेलं, बहुतेक घरांत नवरा-बायको-मुलं एकाच वाटेने गेली, असं त्याने लिहिलं. त्या नाताळापासून ६ मार्चपर्यंत गावातले आठ डॉमिनिकन भिक्षू मेले, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे आम्ही अर्ध्या तासापूर्वी पाहिलेल्या ब्लॅक ॲबीतले. भोवती सगळे मरताहेत, आपणही मृत्यूची वाट बघतोय, तरी जे पाहिलं-ऐकलं ते लिहून ठेवतो, असं तो म्हणतो. आणि लिहिणाऱ्याबरोबर लिखाण नष्ट होऊ नये म्हणून पुढे कोरं चर्मपत्र सोडतो. आदमच्या वंशातलं कुणी या रोगातून वाचलं तर त्याने काम पुढे न्यावं. त्याची बखर नकलांवरून आज माहीत आहे. त्याच्या शेवटच्या शब्दांनंतर दुसऱ्या हाताने लिहिलेलं एक वाक्य येतं : लेखक इथेच वारला असं दिसतं.

“शाळेत शिकवतात का हे?” ताईने विचारलं. मुलगी म्हणाली, “आमच्या सरांनी इथे आणून शिकवलं.”

वेळ थोडा उरला होता तो सेंट मेरीज चर्चमधल्या म्युझियमला दिला. तिथे ‘लिबर प्रायमस’ हा गावाच्या नोंदींचा पहिला ग्रंथ आहे. त्यातल्या नोंदी १२३१ पासूनच्या. घाईत पाहण्यासारखी ही जागा नव्हे, दीड तास तरी हाताशी ठेवा. शिवाय शेजारच्या गल्लीत सफरचंदाचा टार्ट आणि गरम कस्टर्ड फार चांगलं मिळतं.

परतीची गाडी दुपारची घेतली. वॉटरफर्डकडून येणाऱ्या गाडीला किल्केनीत तोंड फिरवावं लागतं, त्यामुळे तुम्ही चढलात की गाडी उलट्या दिशेने निघाली म्हणून घाबरू नका. ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी त्याच मार्गावर थॉमसटाउनला उतरून जेरपॉइंट ॲबी पाहावं. बाराव्या शतकातला सिस्टर्शियन मठ, आणि त्याच्या ओवरीच्या खांबांवर कोरलेले साधू, सरदार आणि चित्रविचित्र प्राणी. स्टेशनपासून तिथवर अडीच-तीन किलोमीटर चालावं लागतं. ताईने पुढच्या रजेसाठी ते आत्ताच लिहून ठेवलंय.